बाईंचा परवा

द्वारकाबाईंचं लग्न परवा झालं होतं. त्यांच्या थोरल्या मुलीचं लग्नही परवाच झालं होतं. मूसी नदीला मोठा पूर आला तेव्हा बाईंचा जन्मसुद्धा झालेला नव्हता, पण त्यांच्या बोलण्यात तो पूरही परवाच येऊन गेलेला असायचा. मी पुण्याहून लग्न होऊन हैदराबादला आले, तारनाक्याला बिऱ्हाड केलं आणि जामबागेतल्या एका मराठी शाळेत धाकट्या वर्गांना शिकवायला लागले. पहिले काही दिवस मला वाटत होतं, की या वयस्क बाई माझी फिरकी घेतायत. मग कळलं की या शहराचाच तो रिवाज आहे. इथे काल म्हणजे काल. त्याच्या पलीकडचं सगळं, मग ते गेल्या आठवड्यातलं असो नाहीतर आजोबांच्या वेळचं, ते परवा. इथले उर्दू बोलणारे तसंच बोलतात आणि त्यांच्या शेजारात पिढ्यान् पिढ्या राहून जुनी मराठी घरंही तशीच बोलायला लागलेली. बाईंनी तर त्याच्यावर कडी करून पुढचे दिवसही परव्यात घातले होते. "पगार कधी होईल बाई?" "होईल की परवा."

आम्ही पुण्याची माणसं. आमचा परवा बरोबर एक दिवस सोडून येतो, आणि नाही आला तर आम्ही त्याला जाब विचारतो. मला बाईंच्या त्या परव्याचा राग यायचा. आता या शहरात म्हातारी झाले आणि नातवंडं मला हसतात, कारण मी त्यांच्या बापाच्या जन्माबद्दलही परवाच म्हणते.

बाई ठेंगण्या, रुंद, इरकली लुगडं नेसणाऱ्या. डोळे कायम अर्धे मिटलेले. नव्या माणसाला वाटावं, या उभ्याउभ्याच झोपल्यात. त्यांचे वडील निजामाच्या कचेरीत होते, आजोबाही होते. घरात देवापुढे पोथी आणि झोपाळ्यावर उर्दू वर्तमानपत्र, असा सगळा कारभार. वर्गातल्या मुलांनाही बेटा म्हणायच्या आणि मुलींनाही. कुणी धावलं तर "हल्लू बेटा, हल्लू, शाळा कुठं पळून नाही जात" असं म्हणायच्या आणि स्वतः इतक्या हळू चालायच्या, की घंटा होऊन त्या वर्गात पोचेपर्यंत मुलं कंटाळून आपोआप शांत झालेली असायची. जामबाग म्हणजे पेरूची बाग. बागेचा मागमूस उरला नव्हता, पण दुपारी बाई खिडकीशी थांबून वास घ्यायच्या. "येतो गं अजून," म्हणायच्या. मला कधी आला नाही.

त्या वर्षांत मेहदीपट्टणमच्या बाजूच्या छावणीत एक मराठी पलटण होती. जवानांची मुलं सकाळी पलटणीच्या लॉरीतून आमच्या फाटकाशी उतरत. ही मुलं वर्षाच्या मधेच येत आणि मधेच जात. आमच्या हेडमास्तरांनी त्यांना मागचं बाक ठरवून दिलं होतं. हेडमास्तरांच्या मनात वाईटपणा नव्हता. आज आहेत, उद्या नाहीत, त्यांच्यावर मेहनत काय घ्यायची, असा त्यांचा सरळ हिशेब होता.

बाईंचं मात्र वेगळंच चालायचं. शनिवारचा शेवटचा तास त्यांनी या मुलांना देऊन टाकला होता. माझा आणि त्यांचा वर्ग यांच्यामध्ये नुसता लाकडी पडदा होता, त्यामुळे मला सगळं ऐकू यायचं. बाई म्हणायच्या, "डोळे मिटा. आज आपल्याला कोण नेतंय?" मग पलटणीतलं एखादं पोर उठायचं आणि वर्गाला आपण मागे जिथे राहत होतो तिथे घेऊन जायचं. एका मुलानं सगळ्यांना पंजाबात नेलं. तिथे थंडीत सकाळी तोंडातून वाफ निघते म्हणाला. हिमायतनगरच्या वकिलांची मुलं, जन्मात शहराबाहेर न गेलेली, डोळे मिटून तोंडानं वाफ काढायला लागली. दुपारचं ऊन खिडकीतून बाकांवर पडलेलं, बाहेर रिक्षावाल्यांची घंटी, आणि आत तीसेक मुलं धुक्यात उभी. पडद्यापलीकडे मीसुद्धा पदर अंगाभोवती गुंडाळून घेतलेला मला आठवतो. मागच्या बाकावरच्या त्या पोराला त्या दिवशी घरी जाताना वकिलांच्या दोन मुलांनी विचारलं, "उद्या आमच्याकडे येतोस?"

शेवंता आली ती त्या जूनमध्ये. आठ वर्षांची, सातारकडची, दोन घट्ट वेण्या. हवालदाराची मुलगी. पावसाळ्यानंतर तिच्या वडलांना आणि पलटणीतल्या आणखी काही जणांना दूर मिसरच्या, म्हणजे इजिप्तच्या, वाळवंटात पाठवलं. दोन देशांचं भांडण झालेलं, आणि यांनी मधे उभं राहायचं. बायकामुलं छावणीतच राहिली. वडील पहाटे निघाले तेव्हा शेवंता झोपेत होती, म्हणून कुणी उठवलं नाही. त्यानंतरच्या शनिवारी बाई म्हणाल्या, "डोळे मिटा," आणि सगळ्यांनी मिटले, हिनं मिटले नाहीत.

"काय गं बेटा?"

"डोळं मिटलं की माणसं जात्यात," शेवंता म्हणाली.

वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. "बरोबर आहे तुझं," त्या म्हणाल्या. "तू उघडेच ठेव. आम्ही सगळे डोळे मिटून जाणार, मागं कुणीतरी पहाऱ्याला पाहिजे की नाही? तू आमच्यावर पहारा दे."

तेव्हापासून दर शनिवारी शेवंता दाराशी ताठ उभी राहायची आणि डोळे मिटलेल्या वर्गावर पहारा द्यायची. हवालदाराच्या मुलीला हे काम शिकवावं लागलं नाही. तिचा बाईंवर जीव जडला, आणि नेमकं तिथेच ते घडलं.

एका दुपारी मधल्या सुट्टीत, मी शेजारीच असताना, तिनं बाईंना विचारलं, "बाई, माझं आबा कधी येणार?" आणि बाईंनी पान लावता लावता, मायेनं, काही विचार न करता, साऱ्या जन्माच्या सवयीनं उत्तर दिलं, "येतील गं परवा."

एक दिवस सोडून शेवंता नवं परकर-पोलकं घालून, वेण्यांत फूल माळून आली आणि फाटकाजवळच्या दगडावर बसली. वर्गात गेली नाही. पोटात दुखत असेल म्हणून कुणी फार चौकशी केली नाही. डबा उघडला नाही. संध्याकाळी लॉरी आली, बाकीची मुलं चढली, ही उठेना. ड्रायव्हर हॉर्न वाजवायला लागला तेव्हा बाई आणि मी गेलो.

"चल बेटा, घरी नाही जायचं?"

"आबा येणार हायत. तुम्हीच म्हणलात."

बाई गोंधळून माझ्याकडे वळल्या. "मी कधी म्हणाले गं?"

"परवा," मी म्हणाले. पुणेरी परवा.

बाईंचे ते अर्धे मिटलेले डोळे त्या दिवशी मी पहिल्यांदा पूर्ण उघडलेले पाहिले. काय झालं ते त्यांना तिथे उभ्याउभ्या कळलं. त्यांनी पोरीला जवळ घ्यायला हात पुढे केला. शेवंता उठली, बाजूनं निघून गेली आणि लॉरीत चढली.

त्यानंतर ती बोलेनाशी झाली. प्रश्न विचारला तर पाटीवर उत्तर लिहून दाखवायची, बरोबर असायचं, पण तोंड बंद. शनिवारी पहाऱ्यालाही उभी राहिली नाही. तिची आई येऊन सांगून गेली, की घरीही गप्पच असते आणि रात्री झोपायला मागत नाही. हेडमास्तर म्हणाले, "या मुलांचं असंच, सवय होईल." बाईंनी पान खाणं सोडलं होतं, एवढंच मला दिसत होतं.

मग एका सकाळी प्रार्थना झाल्यावर पडद्यापलीकडे बाईंचा आवाज आला. नेहमीसारखा हळू, पण मधे मधे अडखळणारा.

"शेवंता, उभी राहा बेटा. तुला नाही, मला बोलायचंय. माझं चुकलं. आमच्या या गावात परवा म्हणजे कधीतरी. मागचंही कधीतरी, पुढचंही कधीतरी. आम्ही असंच बोलत मोठे झालो. तुझा परवा खरा असतो, हे माझ्या ध्यानात आलं नाही. तू दिवसभर दगडावर बसलीस ती माझ्या जिभेमुळे."

त्या काळात शिक्षक मुलांची माफी मागत नसत. माझ्या वर्गातली चिमुरडीही कान देऊन ऐकायला लागली.

मग शेवंताचा आवाज आला. कितीतरी दिवसांनी. "तुमच्यात परवा किती असत्यात?"

"लई असतात गं," बाई तिच्याच बोलीत म्हणाल्या.

"आमच्यात एकच असतोय."

"हौ. आता कळलं मला."

"मग आबा कधी येणार?"

बाईंनी काहीतरी गोड बोलावं असं मला फार वाटलं.

"माहीत नाही," बाई म्हणाल्या. "मला माहीत नाही, तुझ्या आईला माहीत नाही, तुझ्या आबांनापण नसेल. पण ते येईपर्यंत मी इथं आहे. तोवर मी कुठं जात नाही. हे खरं. हे तुमच्यातल्या परव्यासारखं खरं."

त्या दिवसापासून वर्गात एक नवा खेळ सुरू झाला. बाईंच्या तोंडून परवा निसटला, की सगळी मुलं ओरडायची, "कुठला?" बाई कपाळावर हात मारायच्या आणि दंड म्हणून गोष्ट सांगायच्या. त्या वर्षी त्या वर्गानं जितक्या गोष्टी ऐकल्या तितक्या हैदराबादेत कुणी ऐकल्या नसतील. सगळ्यात मोठ्यांदा शेवंता ओरडायची.

आणि एका शनिवारी ती म्हणाली, "आज मी नेते." बाई म्हणाल्या, "मग पहारा कोण देणार?" "तुम्ही." असं म्हणून तिनं स्वतः डोळे मिटले. पडद्याच्या फटीतून मी पाहिलं. बाई दाराशी शेवंतासारख्याच ताठ उभ्या होत्या आणि मुलं डोळे मिटून एका रांगेत. "समदीकडं वाळू हाय," शेवंता सांगत होती. "इकडं एक भांडणारा, तिकडं एक. आपुन मधी उभं ऱ्हायाचं. कुणाला मारायचं न्हाई. नुसतं उभं ऱ्हायाचं." मुलं उभी राहिली. बराच वेळ कुणी हललं नाही. माझ्या पायांखाली मला वाळू ऊन लागत होती, असं आजही वाटतं.

आमच्या भोवतीही तेव्हा वाटण्या चालल्या होत्या. हैदराबाद राज्य मोडलं. मराठवाडा मुंबईला, कानडी मुलूख म्हैसूरला, आणि आमचं शहर तेलुगू राज्यात. शहरातल्या मराठी कारकुनांना, हिशेबनिसांना हुकूम आले, औरंगाबादला जा, मुंबईला जा. त्यांच्यामागून काही वकीलही निघाले, घरंच्या घरं सामान बांधायला लागली. जी मुलं कधी जाणार नाहीत म्हणून पुढच्या बाकांवर बसवली होती तीच निघाली, आणि छावणीतली मागच्या बाकांवर तशीच राहिली. हेडमास्तरांचा हिशेब पार उलटा झाला. वकिलांची, कारकुनांची मुलं वर्गात मुसमुसायला लागली. त्यांना जाण्याची सवयच नव्हती.

बाईंनी शेवंताला पुढे बोलावलं. "तू किती गावं सोडलीस बेटा?"

"लई."

"मग यांना सांग कसं सोडायचं."

शेवंतानं त्यांना ते जबाबदारीनं शिकवलं. गाडीत तोंड पुढं करून बसायचं. मागं बघितलं की पोटात ढवळतंय. आणि नव्या शाळेत पहिल्या दिवशी स्वतःची पेन्सिल न्यायची नाही. "न्हाई का बरं?" वकिलांच्या मुलानं तिची नक्कल करत विचारलं. "शेजारच्याकडं मागायची," शेवंता म्हणाली. "मागितली की वळख हुती." मी इतकी वर्षं शिकवलं, पण नव्या मुलाला आपलंसं करण्याची याहून चांगली युक्ती मला कुणी सांगितली नाही.

आणि मग बाईंच्या घरी हुकूम आला. त्यांचे यजमान भाऊराव सचिवालयात होते. त्यांना औरंगाबादला जायचं होतं. एका संध्याकाळी ते शाळेच्या ओट्यावर आले, बाईंच्याहून हळू बोलणारे, काळी टोपी, हातात छत्री.

"सामान बांधायला घेऊ?"

"तुम्ही व्हा पुढं," बाई म्हणाल्या. "मी परवा येते."

भाऊरावांनी चष्मा काढून पुसला. माणूस पिढीजात हैदराबादी. "कोणता परवा?"

"आपला."

"हौ," भाऊराव म्हणाले आणि मच्छरदाणी कुठल्या पेटीत आहे ते विचारून गेले.

ते एकटेच गेले. गावात बोभाटा झाला. नवरा तिकडे खानावळीत जेवतोय आणि बाईसाहेब इथे लष्करवाल्यांच्या पोरांना गोष्टी सांगतायत. होळीला भाऊराव आले ते गाल बसलेले. मलाही ते पाहवेना. मी चिडूनच विचारलं, "बाई, एका पोरीसाठी?"

"एका पोरीसाठी नाही गं कुसुम. त्या पोरीला आजवर जो तो सोडून गेला तो हुकमानं. बाप हुकमानं गेला, घर हुकमानं गेलं, शाळा गेल्या. कुणाचा दोष नाही. मलापण हुकूमच आलाय. पण मी हुकमाच्या आधी शब्द दिलाय. कुणीतरी एकानं तिला दाखवायला नको का, की कधीकधी शब्द हुकमापेक्षा मोठा असतो?" मग जरा थांबून म्हणाल्या, "आणि माझी जीभ खोटी पडलीय तिच्यापुढं. ती खरी करायची राहिलीय."

मला त्यांचा हेवा वाटला, हे सांगायला हरकत नाही.

शेवंताचे आबा आले ते पुढच्या वर्षी, एका रणरणत्या दुपारी. उंच, वाळूनं रापलेला माणूस फाटकाशी उभा राहिला. शाळा म्हटलं की बिचकणारी माणसं असतात, त्यातला. आत येईना. वर्गातून शेवंतानं त्यांना पाहिलं. मला वाटलं, आता धावत सुटेल. ती उठली, बाईंच्या समोर जाऊन उभी राहिली. "बाई, आबा आलं. जाऊ?"

"जा की गं," बाई म्हणाल्या. "हल्लू हल्लू जा."

हे मात्र तिनं ऐकलं नाही. बाई ओट्यावर बसल्या, पदरानं डोळे पुसत. "कुसुम," म्हणाल्या, "माझं ते ‘तोवर’ संपलं बघ."

औरंगाबादची गाडी काचीगुड्याहून सुटायची. बाईंचं सामान ते काय, एक ट्रंक, एक वळकटी आणि पानाचा डबा. पान त्यांनी पुन्हा सुरू केलं होतं. मी पोचवायला गेले होते. गाडी सुटायच्या थोडं आधी शेवंता आणि तिचे आबा गर्दीतून वाट काढत आले. पलटण अजून छावणीतच होती. त्या पोरीच्या आयुष्यात पहिल्यांदाच ती फलाटावर होती आणि दुसरं कुणीतरी गाडीत.

"बाई, तिकडं नगं, हिकडं बसा," तिनं खिडकीतून हुकूम सोडला. "तोंड पुढं. मागं बघू नगा."

बाई निमूटपणे जागा बदलून बसल्या.

"पेन्सिल न्हाई ना नेली?"

"नाही बेटा. भाऊरावांकडं मागेन."

आबा हसले. गार्डानं शिट्टी फुंकली. शेवंतानं खिडकीचा गज धरला. "परत कधी येणार?"

बाईंच्या ओठांवर तो शब्द आलेला मला दिसला. त्यांनी तो गिळला. माझ्याकडे पाहिलं, मग पोरीकडे. "माहीत नाही," त्या कशाबशा म्हणाल्या.

शेवंतानं क्षणभर विचार केला. "परवा म्हणा की बाई," ती म्हणाली. "तुमच्यातला. मला चालतंय."

बाईंनी तिचा हात गजावर दाबून धरला. "परवा येते गं," त्या म्हणाल्या. "परवा येते."

गाडी हलली. बाईंनी तिचं सांगणं पाळलं, मागे पाहिलं नाही. इरकली पदराची कड आणि खिडकीबाहेर काढलेला हात, एवढंच फलाटाच्या टोकापर्यंत दिसत राहिलं. मी शेवंताला काही सांगायला वळले. ती आबांचं बोट धरून ताठ उभी होती, आणि तिनं डोळे मिटून घेतले होते.